रिपोर्ट नॉर्मल आला, तरी पुन्हा डाग दिसला

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय 63. पाळी जाऊन बारा वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी आतल्या कपड्यावर तपकिरी डाग दिसला म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आतून सोनोग्राफी करून घेतली. पिशवीचं अस्तर 3 मिलिमीटर आहे, काळजीचं कारण नाही, वयामुळे आतली त्वचा सुकली आहे, असं सांगून लावायला क्रीम दिलं. बरं वाटलं म्हणून दीड महिन्यात मी ते बंद केलं. त्यानंतर दोनदा पुन्हा अंगावरून गेलं. एकदा लाल डाग होता, परवा मात्र गुलाबीसर, पाण्यासारखं आलं. दुखत काहीच नाही. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून दोन वर्षांपासून रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. जाऊबाई म्हणतात, हे गोळीमुळेच होतंय, गोळी सोड. रात्री मोबाइलवर शोधायला बसले तर दुर्मीळ कारणांची लांबलचक यादी सापडली. निम्मी नावं कळली नाहीत, उरलेल्यांनी झोप उडवली. एकदा 'काही नाही' म्हणाल्यावर परत तेच घेऊन गेले तर बाई उगाच बाऊ करते असं वाटेल, म्हणून जायला संकोच वाटतो. ही दुर्मीळ कारणं नेमकी कोणती? माझ्यात त्यातलं काही असू शकेल का? आणि आता मी काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. येत्या आठ-दहा दिवसांत पुन्हा डॉक्टरांकडे जा. क्रीमचं राहू द्या, यादीचंही राहू द्या. जाऊन एवढंच सांगा, की सोनोग्राफीनंतर दोनदा पुन्हा रक्त दिसलं. या एका वाक्यानं तपासणीची पुढची दिशा बदलते. हे ऐकून कुठलेही जाणते डॉक्टर तुम्हाला बाऊ करणारी म्हणणार नाहीत. कोणी म्हणालंच, तर खुशाल दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर दिसलेलं कुठलंही रक्त तपासून घ्यायचं असतं. लाल असो, तपकिरी असो, गुलाबी पाणी असो, आयुष्यात एकदाच पडलेला डाग असो. रक्त किती गेलं यावरून कारण किती गंभीर हे ठरत नाही. सुकलेल्या त्वचेतून कधी चांगलं पॅड भरेल एवढं जातं आणि कर्करोगाची पहिली खूण दोन थेंबांची असू शकते. म्हणून 'थोडंसंच तर होतं' या हिशेबाला माझ्या लेखी काही किंमत नाही.

आता थोडे आकडे, म्हणजे भीती आपल्या जागी बसेल. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेल्या 100 जणी घेतल्या, तर त्यांतल्या साधारण 9 जणींना पिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघतो. बाकीच्या बहुतेकींत योनीची किंवा अस्तराची त्वचा पातळ झालेली असते, पिशवीत पॉलिप, म्हणजे अस्तरातून उगवलेला मऊ कोंब, असतो, अस्तर जाड झालेलं असतं किंवा बाहेरून घेतलेल्या हार्मोनचा परिणाम असतो. तुमच्या यादीतली नावं यानंतर, अगदी तळाशी येतात. पण दुसरी बाजूही ऐका. अस्तराचा कर्करोग झालेल्या बायकांपैकी दहातल्या नऊ जणींना रक्त दिसलेलं असतं, आणि तेही बहुधा रोग पिशवीतच असताना. त्या टप्प्यावर तो बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. या रोगाची एवढी ठळक सूचना शरीर स्वतःहून देतं. ती घेऊन घरी बसू नये, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या त्या 3 मिलिमीटरबद्दल बोलू. अस्तर 4 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल, तर पहिल्यांदा रक्त दिसलेल्या बाईत अस्तराचा कर्करोग असण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी असते. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी तेव्हा पुढची तपासणी केली नाही, ते नियमाला धरूनच होतं. मात्र हा दिलासा पहिल्या डागापुरता. तोच त्रास परत झाला, तर अस्तर कितीही पातळ असलं तरी त्याचा छोटा तुकडा काढून तपासायचा, असा संकेत आहे. कारण अस्तराच्या कर्करोगाचा एक कमी आढळणारा, पण जास्त आक्रमक प्रकार अस्तर फारसं जाड न करताही वाढतो. शिवाय, 3 मिलिमीटर हे माप फक्त अस्तराचं. पिशवीचं तोंड, योनी, नळ्या, लघवीची वाट यांच्याबद्दल ते काहीच सांगत नाही, आणि दुर्मीळ कारणं नेमकी तिथे असतात.

म्हणून यादी वाचण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : रक्त येतंय तरी कुठून? कपड्यावरच्या डागावरून तीन वाटांपैकी कोणती, हे कळत नाही. पुढच्या वेळी दिसलं तर एवढं करा. लघवीला जाण्याआधी पांढऱ्या कापसानं आधी पुढची जागा टिपा, मग दुसऱ्या कापसानं योनीचं तोंड, तिसऱ्यानं मागची जागा. लघवीचा रंग बघा. कोणत्या कापसाला लागलं, ते तारखेसकट लिहून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या. फोटो दाखवायला लाजू नका. 'थोडं गुलाबी होतं' या वर्णनापेक्षा डॉक्टरांना त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

लघवीच्या छिद्राच्या खालच्या काठावर कधी कधी काही मिलिमीटरची, लालभडक, मऊ गाठ उगवते. पाळी गेलेल्या बायकांतच ती मुख्यतः दिसते. कपडा घासला की तिच्यातून रक्त येतं आणि बाई समजते, पिशवीतून आलं. पाय फाकवून उजेडात नीट पाहिलं तर ती अर्ध्या मिनिटात सापडते. न पाहता थेट सोनोग्राफीला पाठवलं, तर ती दिसतच नाही. याच वाटेवरची गंभीर गोष्ट म्हणजे मूत्राशयाचा कर्करोग. त्यात दुखत नाही आणि लघवी गुलाबी होते. म्हणून लघवीची साधी तपासणी करून घ्याच. मागच्या वाटेची मूळव्याध आणि मोठ्या आतड्याच्या गाठीही अशाच फसवतात.

योनीतली कारणं शोधायला डॉक्टर स्पेक्युलम नावाचं उपकरण घालून पाहतात. त्याच्या दोन पात्यांमुळे योनीची पुढची आणि मागची भिंत झाकली जाते. नेमकी तिथेच जखम असेल तर निसटू शकते. म्हणून उपकरण हळूहळू बाहेर काढताना, थोडं फिरवून, चारही बाजू पाहायच्या असतात. योनीचा स्वतःचा कर्करोग फार कमी आढळतो आणि मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, त्याहूनही कमी. दोन्ही सापडतात ते डोळ्यांनी पाहिल्यावर आणि बोटांनी चाचपल्यावर. बाहेरच्या भागाला बरीच वर्षं खाज असेल, त्वचा पांढरी, पातळ, कागदासारखी झाली असेल, तर तेही सांगा. लायकेन स्क्लेरोसस नावाचा तो त्वचाविकार असू शकतो. त्याला भेगा पडून रक्त येतं आणि थोड्या जणींत पुढे तिथे कर्करोगही होतो, म्हणून त्यावर नजर ठेवावी लागते.

आता जरा मागचं आठवा. अंग बाहेर येतं म्हणून कधी रिंग बसवली होती का? ती वेळच्या वेळी काढून धुतली नाही तर योनीच्या भिंतीत रुतते, जखम होते, दुर्गंधी आणि रक्तमिश्रित पाणी येतं. तांबी बसवली होती का, आणि काढल्याचं नक्की आठवतं का? पाळी गेल्यावर तांबी काढून टाकायची असते. पण दोरा आत ओढला गेला, डॉक्टर बदलले, वर्षं उलटली आणि तिची आठवणच राहिली नाही, अशा बायका भेटतात. पंचवीस-तीस वर्षं आत राहिलेली तांबी संसर्ग धरते, भिंतीत रुतते आणि एक दिवस रक्त दाखवते. ती सहसा सोनोग्राफीत दिसते, नाही तर एक्स-रेमध्ये, पण 'तांबी होती, काढली की नाही ते माहीत नाही' एवढं सांगितलं तर पाहणारा मुद्दाम शोधतो. तुम्ही पत्रात यातलं काही लिहिलेलं नाही. याचा अर्थ झालं नाही, की लिहायचं सुचलं नाही?

तुमच्या यादीत बहुधा नसलेलं एक कारण सांगते. तळ्यात किंवा ओढ्यात उतरल्यावर जळू योनीत शिरून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय मासिकांत आहेत, वयस्क बायकांच्याही. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. त्यामुळे ती गळून पडली तरी रक्त वाहत राहतं. तुमच्या बाबतीत मी हे सुचवत नाही. पण सोनोग्राफी आणि रक्ताच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येऊनही आत डोळ्यांनी पाहण्याला पर्याय का नाही, ते यावरून कळावं.

जाऊबाई सोडायला सांगतात त्या गोळीकडे येते. गोळी सोडू नका. एक दिवससुद्धा, स्वतःच्या मनानं नाही. अनियमित ठोक्यांमुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ नये, अर्धांगवायू होऊ नये, म्हणून ती दिलेली आहे. गोळी थांबवण्याचा धोका तुमच्या दोन डागांपेक्षा कितीतरी मोठा आहे. आणि 'गोळीमुळे होतंय' यात तथ्य किती? गोळी स्वतःहून पिशवीत जखम करत नाही. जिथे आधीच नाजूक जागा आहे, पॉलिप आहे, सुकलेली त्वचा आहे किंवा गाठ आहे, तिथलं रक्त ती लवकर आणि जास्त दाखवते. म्हणजे गोळी चालू असताना रक्त दिसलं तर खालचं कारण शोधायची निकड वाढते. गोळीवर खापर फोडून तपासणी टाळणं ही या विषयातली सगळ्यात सोयीची आणि सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे. वॉरफेरिन नावाची गोळी घेत असाल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, तपासून घ्या, तो गरजेपेक्षा वर गेला असेल तर मात्रा बदलता येते. दुसऱ्या प्रकारची गोळी असेल तर मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते पाहावं लागतं, कारण ते मंदावलं की गोळी शरीरात साठते.

याच धाग्यात रक्ताचे आजार येतात. प्लेटलेट कमी होणं, यकृत बिघडल्यानं रक्त न गोठणं, क्वचित रक्ताचा कर्करोग. पण यांत सहसा फक्त खालूनच रक्त येत नाही. हिरड्यांतून येतं, नाकातून येतं, न आपटता अंगावर काळेनिळे डाग उठतात. असं काही नसेल आणि साधी रक्ततपासणी ठीक असेल, तर ही पानं मिटून ठेवायला हरकत नाही.

आता पिशवीच्या वरच्या बाजूला जाऊ. तुमची झोप उडवणारी नावं बहुधा तिथलीच असावीत. अंडाशयात ग्रॅन्युलोसा पेशींची एक गाठ होते. विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकितान्स्की यांनी 1855 मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं, म्हणजे वैद्यकाला ती जुनीच ओळखीची. अंडाशयाच्या कर्करोगांपैकी साधारण 2 ते 5 टक्के गाठी या प्रकारच्या. तिचं वैशिष्ट्य असं, की ती स्वतः इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन बनवते. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बाईच्या शरीरात अचानक इस्ट्रोजेन वाढतं, अस्तर पुन्हा जाड होऊ लागतं, छाती दुखरी होते आणि 'पाळी परत आली' असं वाटावं इतकं रक्त जातं. काही जणींत या जादा इस्ट्रोजेनमुळे अस्तराचाही कर्करोग सोबत निघतो. थेकोमा नावाची, बहुधा साधी असणारी गाठही असाच प्रताप करते. तुमच्या बाबतीत मला यातला दिलासा असा दिसतो, की इस्ट्रोजेन वाढलेलं असतं तर तुमचं अस्तर 3 मिलिमीटर राहिलं नसतं. म्हणून ही शक्यता बरीच मागे पडते. ते माप चार महिन्यांपूर्वीचं आहे, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं.

याच कारणासाठी अंगाला लावायची हार्मोनची मलमं, पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी घेतलेल्या 'नैसर्गिक' पुड्या-गोळ्या, सोयापासून केलेली पूरकं यांचीही यादी डॉक्टरांना द्या. त्यांतल्या काहींत इस्ट्रोजेनसारखं काम करणारी द्रव्यं असतात. 'ते काय औषध आहे का' म्हणून बायका नेमकं हेच सांगत नाहीत. आणि स्तनाच्या कर्करोगासाठी कधी टॅमॉक्सिफेन घेतलं असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. ते औषध स्तनात इस्ट्रोजेन अडवतं, पिशवीत मात्र इस्ट्रोजेनसारखं वागतं.

तुमच्या पत्रात मी थांबले ती 'पाण्यासारखं' या शब्दाशी. बीजनलिकेचा कर्करोग फार क्वचित आढळतो. त्याचं जुन्या पाठ्यपुस्तकांतलं वर्णन असं : ओटीपोटात एका बाजूला कळ भरत जाते, मग अचानक भरपूर पिवळसर किंवा रक्तमिश्रित पाणी जातं आणि कळ ओसरते. नळी फुगते, रिकामी होते, पुन्हा भरते. हे पूर्ण चित्र थोड्याच रुग्णांत दिसतं. तुम्हाला कळ नाही, पाणीही एकदाच आणि थोडंच आलेलं दिसतं. सुकलेल्या त्वचेतूनही गुलाबी पाणी येतं आणि मला तेच जास्त संभवनीय वाटतं. तरीही 'पाण्यासारखं' हा शब्द डॉक्टरांपुढे जसाच्या तसा वापरा, 'थोडं गेलं' असं म्हणून तो गाळू नका. तो ऐकला की पुन्हा सोनोग्राफी करताना नळ्या आणि अंडाशयं नीट पाहिली जातील. आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर त्याचंही महत्त्व इथेच. तसंच घरात मोठ्या आतड्याचा किंवा पिशवीचा कर्करोग तरुण वयात, पन्नाशीच्या आत, कोणाला झाला असेल तर तेही सांगा. लिंच सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक दोष अशा घरांत चालत येतो आणि त्यात अस्तराच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

पिशवीच्या भिंतीतला सार्कोमा, म्हणजे अस्तराचा नव्हे तर भिंतीचा कर्करोग, ही आणखी एक दुर्मीळ गोष्ट. पाळी गेल्यावर फायब्रॉइडच्या, म्हणजे पिशवीच्या स्नायूतल्या साध्या, गाठी इस्ट्रोजेनअभावी आक्रसतात. त्या वयात एखादी गाठ उलट वाढू लागली आणि सोबत रक्त दिसलं, तर ती साधी गाठ म्हणून सोडून द्यायची नसते. अडचण अशी, की अस्तराचा तुकडा काढून ती सापडेलच असं नाही. भिंतीवरचा रंग खरवडून भिंतीच्या पोटातली ओल कळत नाही, तसं हे आहे. अशा वेळी एमआरआय करावा लागतो. तुमच्या जुन्या सोनोग्राफीत फायब्रॉइड लिहिलेला असेल, तर त्याचं तेव्हाचं आणि आत्ताचं माप शेजारी ठेवून पाहा.

स्तनाचा, विशेषतः लोब्युलर प्रकारचा (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणारा) कर्करोग पूर्वी झालेला असेल, तर क्वचित तो पिशवीत पसरतो. जठराचा किंवा आतड्याचाही पसरू शकतो. पिशवीतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता हे आणखी दुर्मीळ. त्यात आंधळेपणानं पिशवी खरवडली तर रक्त थांबता थांबत नाही. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या रंगीत डॉपलर सोनोग्राफीत तो आधी कळतो.

संसर्गाबद्दल जरा थांबून सांगते, कारण ही कारणं औषधांनी किंवा छोट्या उपायांनी बरी होतात, आणि कोणी शोधलीच नाहीत तर वर्षानुवर्षं त्रास देतात. वयामुळे, जुन्या शस्त्रक्रियेमुळे किंवा किरणोपचारांमुळे पिशवीचं तोंड आक्रसलं, तर आत पू साठतो. ताप येईलच असं नाही. रक्तमिश्रित, वास येणारं पाणी झिरपतं, ओटीपोट जड वाटतं. तोंड रुंद करून तो पू काढावा लागतो, आणि तोंड एखाद्या गाठीमुळे तर बंद झालं नाही ना, हेही त्याच वेळी पाहावं लागतं. दुसरा संसर्ग क्षयाचा. पिशवीचा क्षय मुख्यतः तरुण बायकांत होतो, पाळी गेलेल्यांत फार क्वचित, पण होतो. तिथे एक बारीकशी गोष्ट निर्णायक ठरते. काढलेला तुकडा नेहमीप्रमाणे फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला की त्यातले जंतू मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात, पण जंतू वाढवून बघता येत नाहीत. क्षयाची शंका असेल तर तुकड्याचा एक भाग साध्या सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. तुम्हाला किंवा घरात कोणाला पूर्वी क्षय झाला असेल, तर तुकडा काढण्याआधीच सांगा. नंतर आठवलं तर सगळं पुन्हा करावं लागतं.

तर या वेळी तपासणीत काय होईल? आधी नीट विचारपूस, मग बाहेरून आणि आतून पाहणं. पॅप स्मीअर झाला नसेल तर तो. पॅप नॉर्मल म्हणजे पिशवी नॉर्मल, असं मात्र समजू नका. तो पिशवीच्या तोंडाची तपासणी करतो, अस्तराची नाही. मग पुन्हा आतून सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा. तो बारीक, लवचीक नळीनं दवाखान्यातच, भूल न देता घेता येतो. मिनिटभर पाळीसारखी जोराची कळ येते, मग ओसरते. या नळीची मर्यादाही माहीत असू द्या. ती न बघता आत फिरते, त्यामुळे एका कोपऱ्यातला छोटा पॉलिप चुकवू शकते. आणि पातळ अस्तरातून कधी कधी पुरेसा तुकडा मिळतच नाही. 'नमुना अपुरा' असा रिपोर्ट आला तर त्याला नॉर्मल म्हणून फाइलला लावू नका. पुढची पायरी दुर्बिणीची. हिस्टेरोस्कोपमधून पिशवी आतून प्रत्यक्ष दिसते आणि संशयाच्या जागेचाच तुकडा घेता येतो. तुमच्यासारख्या पुन्हा पुन्हा डाग दिसणाऱ्या बाईला मी दुर्बिणीचा आग्रह थोडा लवकरच धरेन. त्यासाठी गोळीचं काय करायचं, ते तुमचे हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ परस्परांत बोलून ठरवतील. दोघांना एकमेकांचा फोन नंबर देण्याचं काम मात्र तुमचं.

आणि क्रीम? खरं सांगायचं तर तुमच्या डागांचं सगळ्यात संभवनीय कारण अजूनही तेच आहे. हे क्रीम बहुधा सुरुवातीला रोज आणि मग आठवड्यातून दोनदा, पुढे बराच काळ चालू ठेवायचं असतं. दीड महिन्यात बंद केलं की त्वचा पुन्हा पहिल्यासारखी सुकते आणि डागही परततात. पण हा निष्कर्ष इतर कारणं वगळल्यावर काढायचा असतो. म्हणून तपासणी होईपर्यंत ते पुन्हा सुरू करू नका. डाग तात्पुरता थांबला तर तुम्हीच जायचं पुढे ढकलाल.

पिशवी काढलेल्या वाचक बहिणींसाठी एक ओळ. तुम्हालाही रक्त दिसलं तर 'आता पिशवीच नाही' म्हणून सोडून देऊ नका. टाक्यांच्या जागेवरचं वाढलेलं मांस, तिथे डोकावलेलं नळीचं टोक, मागे राहिलेला एंडोमेट्रिऑसिस (पिशवीबाहेर वाढलेलं अस्तरासारखं मांस) किंवा योनीतली गाठ, यांतलं काहीही असू शकतं.

ताई, भेटीच्या दिवसापर्यंत डाग असेच थोडे राहिले तर वाट पाहायला हरकत नाही. पण तासाभरात एक पॅड पूर्ण भिजू लागलं, रक्ताच्या मोठ्या गुठळ्या पडल्या, चक्कर आली, धाप लागली किंवा ताप येऊन ओटीपोट दुखू लागलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुना सोनोग्राफी रिपोर्ट सोबत घ्या. रक्त पातळ करणारी शेवटची गोळी किती वाजता घेतली, ते पोहोचल्या पोहोचल्या सांगा.